सत्ताविसाव्या पानावरची लाल रेघ

धोंडाबाई,

तुझी वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. तू गेल्यापासून तेरा दिवस मी तो खण उघडलेला नाही. कात्री लागली तर बाहेरच्या खोलीतली मागून आणते, म्हणजे माझी काय अवस्था आहे ते तुझ्या लक्षात येईल. उद्या सकाळी हौसा ती वही न्यायला येणार आहे आणि तिला ती कशी द्यायची हे मला ठरवता येत नाही. एरवी असं काही अडलं की मी तुला हाक मारायचे, तुझं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग माझंच खरं करायचे. आता हाक मारायची सोय राहिली नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या दहाव्याला मी भुशीला आले होते. तुझे दोन्ही मुलगे डोकी भादरून ओसरीवर बसले होते आणि तुझा नवरा पाहुण्यांना उगाचच पाणी विचारत फिरत होता. हौसा माझ्याजवळ येऊन बसली. पंधरा वर्षांची झाली गं ती, चांगली उंच. हळूच म्हणाली, "मामीला इंग्रजी लिवता यायचं. तिची वही तुमच्यापाशी हाय ना? मला द्या. मला बी शिकायचंय." मी हो म्हणून बसले. समोर तुझी नणंद तान्हूबाई तांब्या भरायला वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. मी निघाले तेव्हा ती बांधापर्यंत मागे आली आणि विचारलं, वहीत काय आहे? मी म्हटलं, औषधाची वाक्यं आहेत. एक सोडलं तर ते खरंही आहे.

ते एक वाक्य सत्ताविसाव्या पानावर आहे. ते तू हौसाबद्दल लिहिलंस आणि त्याच्यावर मी लाल पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली. ते तिनं वाचलं तर आजवर जिला आई म्हटलं आणि जिला मामी म्हटलं, त्या दोघींकडे ती पुन्हा पहिल्यासारखं बघू शकणार नाही. पान फाडून टाकलं तर तू आयुष्यात एकदाच लिहिलेली गोष्ट माझ्या हातानं नाहीशी होईल. वर तू माझ्याकडून वचन घेऊन ठेवलं आहेस. मोठी हुशार होतीस.

तू दवाखान्यात आलीस ती चादरी धुवायला आणि भांडी घासायला. घाटात विजेची इंजिनं नुकतीच सुरू झाली होती आणि तुझा त्यांच्यावर विश्वास नव्हता; धूर न सोडता जे चालतं ते कधी थांबेल याचा नेम काय, असं तुझं म्हणणं. माझ्या हाताखालची नर्स लग्न करून गेली आणि दुसरी मिळेना. लोणावळ्याच्या पावसात चार महिने कुबट कपडे घालायला पुण्यातली मुलगी कशाला येईल? दुपारी मला गावोगाव बाळंतपणांना जावं लागायचं. तेवढ्या वेळात आठ खाटांवरच्या आठ जणांना औषध कोणी द्यायचं, हा प्रश्न होता. तू समोर चादर पिळत होतीस. तुला अक्षरओळख आहे हे मी हेरून ठेवलं होतं, कारण बाटल्यांभोवती गुंडाळून आलेले छापील कागद तू घडी घालण्याआधी ओठ हलवत वाचायचीस.

डॉक्टर आठवड्यातून दोनदा पुण्याहून सकाळच्या गाडीनं यायचे. मराठी ते आपल्यासारखं बोलायचे, पण पारशी माणूस, वाचता येत नव्हतं. म्हणून औषधांचं रजिस्टर इंग्रजीत. त्यांची एकच अट होती, की औषध ज्यानं दिलं त्यानंच लिहायचं. दुसऱ्यानं ऐकून लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. म्हणजे तुला इंग्रजी आकडे, औषधांची आठ-दहा नावं आणि एक क्रियापद येणं भाग होतं. गिव्ह. आज दिलं तर गिव्ह, काल दिलं तर गेव्ह. मी म्हटलं, पंधरा दिवसांचं काम आहे. दोन वर्षं लागली आणि त्यातलं निम्मं माझ्या हट्टापायी गेलं.

माझे हट्ट तुला पाठ होते. वाक्य खरं पाहिजे. राम सीतेला फूल देतो, असलं शाळेतलं मला चालायचं नाही. तू दिलं असशील तर लिही, नसशील तर आधी दे आणि मग लिही. आणि दर वाक्यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कोणी, काय, कोणाला, कधी. मी शिकत होते तेव्हा एका बाईला झोपेचं औषध दोनदा गेलं होतं. पहिल्यांदा जिनं दिलं तिनं लिहिलं नाही. दुसऱ्यांदा दिलं ते मी. ती बाई वाचली, पण ती डोळे उघडेपर्यंत मी जे काही भोगलं त्यातून हा नियम आला. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालीस, "मंग बरोबर हाय तुमचं," आणि पाटी पुढे ओढलीस.

तू तो नियम जरा जास्तच मनावर घेतलास. वाक्यं हवीत म्हणून वस्तू वाटत सुटलीस. झाडूवाल्या बाईला लिंबू दिलंस, डॉक्टरांचं बिस्कीट कुत्र्याला दिलंस, आणि एकदा भर आषाढात माझी छत्री स्टेशनवरच्या हमालाला देऊन आलीस. आय गेव्ह अंब्रेला टू हमाल ॲट फोर. छत्री माझी होती आणि वाक्य बिनचूक होतं. मी तुला दहा मिनिटं बोलले आणि त्या वाक्यापुढे बरोबरची खूणही केली. पुढचा सगळा पावसाळा मी तुझं इरलं पांघरून बाळंतपणांना गेले. लोक हसले तर हसले, इरल्यात छत्रीपेक्षा कमी भिजतं हे मला तेव्हा कळलं.

पण औषधाबाहेरचं वाक्य लिहायला सांगितलं की तू त्यात कुठेच नसायचीस. पहिलंच लिहिलंस ते हाऊस गिव्ह राइस. मी विचारलं, घर तांदूळ कसं देईल, घराला हात असतात का? तू म्हणालीस, आमच्यात घरच देतं. सासू आहे तोवर सुनेनं दिलं असं कोणी म्हणत नाही. मूठभर पीठ शेजारी गेलं तरी ते घराकडून जातं. मी तुला बजावलं की इंग्रजीत असं चालत नाही, देणाऱ्या माणसानं पुढे यावंच लागतं, आय म्हणावंच लागतं. तू म्हणालीस, "लय धीट भाषा हाय वं ही." आणि तो आय तू लिहायचीस तो इतका बारीक, की मला चष्मा पुसून बघावं लागायचं.

खिडकीखालच्या माणसाची गंमत तर डॉक्टर अजूनही सांगतात. खंडाळ्याचा एक रेल्वे गँगमन हिवतापानं येऊन पडला. नेमका तो तुझ्या नवऱ्याचा नाववाला निघाला. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मग ते लिहायचं तरी कसं? तू आपली वाट काढलीस. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं तर दोन दिवस कोयनेल देणं चाललंय मिस्टर खिडकीखालचा यांना. त्यांनी हा कोणत्या गावचा माणूस म्हणून गंभीरपणे चौकशी केली. तू पदर तोंडात घालून भिंतीकडे वळलीस आणि मी सगळं सांगितलं तेव्हा तो भला माणूस डोळे पुसेपर्यंत हसला. दुसऱ्याच आठवड्यात खाटांना नंबर रंगवून घेतले. ते आजही आहेत. नव्या पेशंटला वाटतं, सगळ्याच दवाखान्यांत असतात.

आता त्या पानाकडे यायलाच हवं.

दुपारची वेळ होती. मागच्या पडवीत सुया उकळत ठेवल्या होत्या आणि तू चुलीजवळ वही मांडीवर घेऊन बसली होतीस. गेव्हची दहा वाक्यं लिहायला सांगितली होती. कार्ल्याला एक बाळंतीण अडली होती, ती मोकळी करून मी आले होते. पाय चिखलानं भरलेले, पोटात काही नाही, डोकं फिरलेलं. नऊ वाक्यं नेहमीची होती. खाट तीन, खाट पाच, गाईला पाणी, सगळ्यांना वेळा घातलेल्या. दहावं होतं, आय गेव्ह माय डॉटर. तो आय मोठा होता. पहिल्यांदाच तू तो मोठा काढला होतास आणि मी तेवढंही बघितलं नाही. सर्रकन रेघ ओढली आणि वर लिहिलं, कोणाला? कधी? अपुरं. मी म्हटलं, "मुलीला काय दिलंस ते तरी लिही. आणि तुला मुलगी कुठे आहे? खोटं वाक्य चालणार नाही, किती वेळा सांगायचं?"

तू वही मिटलीस, फडताळात ठेवलीस आणि सुया चिमट्यानं काढायला लागलीस. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प बसली. त्यानंतर तू बाहेरची वाक्यं लिहिणं बंद केलंस. औषधांची लिहायचीस, अचूक लिहायचीस, चारही गोष्टी घालून. मी डॉक्टरांपुढे तुझं कौतुक केलं आणि ते माझंच कौतुक आहे असं समजून मीच खूश झाले.

त्याच वर्षी भाद्रपदात परंदवडीहून तान्हूबाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, हौसाला घेऊन आली. ताप डोक्यात चढला होता, मुलगी बरळत होती. ती तुला मामी म्हणत होती, तेव्हा ही तुझी भाची एवढं मला कळलं. दोन नंबरच्या खाटेवर घातली. चार दिवस तू तिच्या कोयनेलची वेळ एका मिनिटानं चुकू दिली नाहीस. पण सगळ्या पेशंटांना मांडीशी बसून पेज भरवणारी तू, हिच्या बाबतीत वाटी तान्हूबाईच्या हातात द्यायचीस आणि तीन पावलं मागे जाऊन उभी राहायचीस. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी सगळ्यांदेखत तुला झापलं. तिची आई जागून जागून अर्धी झाली आहे, मामी ना तू, दोन घास भरवायला काय हात झिजतात का? तान्हूबाईनं मान खाली घातली. तू वाटी घेतलीस, दोन घास भरवलेस आणि बाहेर निघून गेलीस.

मी पडवीत आले तेव्हा तू रिकामी वाटी पुन्हा पुन्हा घासत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ती माझीच हाय, बाई. वन्संच्या ओटीत घातलेली."

मग तू सगळं सांगितलंस, तेही वाटी घासता घासता. तान्हूबाईला बारा वर्षं मूल नव्हतं आणि तिच्या सासरी दुसरीची बोलणी चालली होती. सवत आली असती तर तिला त्या घरात शेणाची पाटी उचलायचंच काम उरलं असतं. तुला दोन मुलगे होते आणि ही तिसरी, अंगावर पिणारी. तुझ्या सासूनं तुला विचारलंही नाही. तुझ्या मांडीवरून मुलगी उचलली आणि खणानारळानं ओटी भरावी तशी लेकीच्या ओटीत घातली. तान्हूबाईनं तुझ्या पाया पडायला हात पुढे केले तर सासूनं तिला अडवलं. नणंद थोरली, तिनं वाकायचं नाही. आणि त्या दिवसापासून घरात कोणी तो विषय काढला नाही.

"दिली असं कुनीच म्हनलं न्हाई," तू म्हणालीस. "आमच्यात म्हनत न्हाईत तसं. म्हनलं की मागं वढ लागती. तुमच्या वहीत पयल्यांदा म्हनले मी."

माझ्या डोळ्यांपुढे ती लाल रेघ आली. मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. ते न बोलता मी विचारलं, मग त्याच दिवशी मला का नाही सांगितलंस? तू वाटी पालथी घातलीस.

"तुमी इचारलंत कुनाला, कवा. कुनाला ते लिवलं आसतं. कवा ते कसं लिवू? एकदाच दिली व्हय? ती येती, मामी म्हनती, जाती. दर बारीला देतीच की मी."

मला मूल नाही, धोंडाबाई. लग्नही दोन वर्षं टिकलं आणि मग कपाळ पुसून मी शिकायला गेले. म्हणूनच असेल, पुढची सहा वर्षं मी तुझ्याशी इतक्या सहज भांडू शकले. मी म्हणायचे, मुलीला सांग. तिला कळायचा हक्क आहे. तू म्हणायचीस, हक्क तिचा आहे, पण मोडेल ती तान्हूबाई. मी म्हणायचे, सत्य लपवून कोणाचं भलं होत नाही. तू म्हणायचीस, लपवलंय कुठे, सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त बोलत नाहीत. यावर मी आवाज चढवायचे. एकदा तू चिडून माझा हात तुळशीच्या कुंडीवर ठेवलास आणि म्हणालीस, "माझ्या मागं बी तुमच्या त्वांडातनं जायचं न्हाई. म्हना." मी म्हटलं. हातावर ओली माती लागली होती ती झटकत मनात म्हटलं, हिला पन्नाशीत पुन्हा पटवू. तुझी पन्नाशी आलीच नाही.

हौसा मोठी होत गेली तशी दर सहा महिन्यांनी तुझ्याकडे यायची. तुझ्यासारखीच मान तिरकी करून ऐकते ती. दवाखान्यात यायची तेव्हा तू तिला रजिस्टर दाखवायचीस, हे मी लिहिलंय, हे मीच लिहिलंय म्हणून. एवढा आय तू तिच्यापुढे मात्र बिनधास्त म्हणायचीस. ते बघून मी खोलीत निघून जायचे. माझं नाक शिंकरून झालं की परत यायचे आणि काहीतरी खुसपट काढून तुला बोलायचे. तुला ते कळत होतं असं मला वाटतं, कारण अशा दिवशी तू उलट उत्तर देत नव्हतीस.

श्रावणात तुझा खोकला सुरू झाला. भुशीच्या वाटेनं गुडघाभर पाण्यातून यायचीस आणि ओल्या लुगड्यानं दिवस काढायचीस. झोप म्हटलं तर ऐकलं नाहीस. ज्या दिवशी स्वतः होऊन आडवी झालीस त्या दिवशी मी घाबरले. आठातल्या पाच खाटा रिकाम्या होत्या, तू दोन नंबरची मागून घेतलीस. डॉक्टरांनी छाती ऐकून माझ्याकडे बघितलं आणि तुला इंग्रजी शिकवल्याचा मला पहिल्यांदा राग आला, कारण ते पुढे इंग्रजीत बोलले ते तुलाही थोडंफार समजलं असणार.

पाचव्या दिवशी मी तुला औषध दिलं आणि तिथेच उभ्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं. तू हात हलवून ते जवळ मागितलंस. मी उघडून तुझ्या तोंडासमोर धरलं. डोळे बारीक करून तू वाचलंस, बोट त्या ओळीवरून नेलंस आणि शेवटाला थांबलीस. "बाई, कवा ते ऱ्हायलं," तू म्हणालीस.

खरंच राहिलं होतं. इतक्या वर्षांत माझं पहिल्यांदा राहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पावणेअकरा लिहिलं, तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. त्या वेळी मला म्हणता आलं असतं. तुझं सत्ताविसाव्या पानावरचं वाक्य बरोबर होतं, माझी रेघ चुकली, एवढंच म्हणायचं होतं. दहा शब्दसुद्धा नव्हते. मी म्हटलं, "आता बोलू नकोस, दम लागेल." दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. तुझी चादर मी स्वतः धुतली आणि तुझ्यासारखी पिळता आली नाही.

आज संध्याकाळी अखेर खण उघडला. वहीला अजून राखेचा आणि साबणाचा वास आहे. पान सापडायला वेळ लागला नाही, लाल रंग मागच्या बाजूनंही उमटला आहे, इतक्या जोरात ओढली होती मी. खणातलं धारदार पातं हातात घेऊन बसले. शिवणीजवळून कापलं तर कोणाला कळणारही नाही. तान्हूबाई सुखानं झोपेल, तुला दिलेला शब्द राहील आणि माझी चूकही जगातून जाईल. ते शेवटचं लक्षात आलं आणि मी पातं खाली ठेवलं. मग रेघेखाली, वाक्याच्या शेजारी, बरोबरची खूण केली आणि माझं नाव घातलं. सहा वर्षं उशीर झाला आहे. रेघ पुसायचा प्रयत्न केला नाही, ती राहू दे.

एवढं लिहून काल थांबले होते. पुढचं आज लिहिते आहे.

हौसा सकाळी आली. केस चापून बसवलेले, पायात नवी चप्पल, ती दवाखान्याच्या पायरीखाली काढून ठेवलेली. दिवाळीपर्यंत ती मामाकडे भुशीलाच राहणार आहे, घरात भाकरी थापायला कोणी नाही म्हणून. तान्हूबाईनं स्वतःच आणून सोडली, पण आत आली नाही. फाटकाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिला हात केला. तिनं केला नाही.

मी वही दिली. हौसानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि पानं उलटायला लागली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी प्रत्येक पानावरून बोट फिरवत होती, तुझ्याचसारखं. पंचवीस, सव्वीस. मी औषधाच्या कपाटाकडे तोंड करून बाटल्या सारख्या करत राहिले.

"हितं मामी चुकली व्हती?" तिनं विचारलं.

"नाही. तिथे मी चुकले होते."

"काय लिवलंय ह्ये?"

माझा हात तुळशीच्या कुंडीवर गेला होता ना, धोंडाबाई, म्हणून मी सांगितलं नाही. म्हटलं, ते तिचं वाक्य आहे, माझ्या तोंडून ऐकायचं नाही, शिकलीस की तुझं तू वाचशील. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं. मग तिनं फाटकाकडे बघितलं, जिथे तान्हूबाई अजून उभी होती, आणि मग माझ्याकडे. तिच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. ज्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं तिथे पंधरा वर्षांच्या मुलीला किती ठाऊक असतं, हे तू मला कधी विचारू दिलं नाहीस.

तिनं वही मिटली नाही. पहिल्या पानापर्यंत उलटी आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"मंग तितपर्यंत शिकवा," म्हणाली.

पाटी तीच काढली, कोपरा फुटलेली. पहिल्या दिवशी तुला जे सांगितलं तेच तिला सांगितलं, वाक्य खरं पाहिजे आणि चार गोष्टी पाहिजेत. ती म्हणाली, बरोबर आहे. सत्ताविसाव्या पानापर्यंत जायला तिला, माझ्या अंदाजानं, थंडी उजाडेल. तुला लागला तेवढा वेळ तिला देणार नाही मी. हट्ट थोडे कमी केले आहेत. त्या दिवशी ती काय विचारेल आणि तान्हूबाईपुढे मी कोणत्या तोंडानं उभी राहीन, ते आज ठाऊक नाही. तू असतीस तर भांडलो असतो. तुझा शब्द मात्र मोडलेला नाही, माझ्या तोंडातून काही गेलेलं नाही.

दिलं की लगेच लिहायचं आणि ज्यानं दिलं त्यानंच लिहायचं, हा आपला नियम. म्हणून लिहिते, तपासून घे. दिली. कोणी, मी. काय, धोंडाबाईची वही, सगळ्या पानांसकट. कोणाला, तिच्या मुलीला. कधी, आज सकाळी दहा वाजता.